मिलच्या भिंतीमागची भाऊबीज

अर्ज लिहिण्याचा एक नियम मी उभ्या आयुष्यात मोडलेला नाही. अर्जदार समोर बसून कितीही रडला, तरी पहिल्या परिच्छेदात त्याची मागणी आली पाहिजे. हकिगत आणि हालअपेष्टा त्यानंतर. साहेबांना वेळ नसतो, आणि वाचकांपाशी तो फार असतो असे मानण्याचे कारण नाही. सबब प्रथम मागणी नमूद करतो. ज्या वर्षी माझ्या पत्नीचे माहेर कायमचे बंद झाले, त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिला चंद्राला ओवाळायचे होते. आणि आमच्या सबंध चाळीत, मी धरून, बीजेचा चंद्र आकाशात नेमका कोठे असतो हे सांगू शकेल असे एकही माणूस नव्हते.

माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे मी सुरतेच्या कचेरीच्या आवारात घेतले आणि ते कोणत्याही महाविद्यालयापेक्षा उणे आहे असे मला कधी वाटले नाही. खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबायला आलेल्या माणसांची गाऱ्हाणी मी "सविनय जणाववानुं के", म्हणजे सविनय कळवायचे की, अशा गुजराती थाटात सुरू करून अशी बांधीत असे, की वाचणाऱ्या कारकुनाला मध्येच थांबता येऊ नये. रेशनकार्ड असो, विजेचे मीटर असो, जन्माचा दाखला असो. बमरोलीच्या आमच्या चाळीत मला "अर्जीवाले दादा" म्हणत, आणि अर्जाखेरीज अन्य विषयांवरही, म्हणजे निवडणूक, मूळव्याध, ग्रहण, मुलीचे स्थळ, माझा अभिप्राय घेतल्यावाचून सहसा कोणी पुढे जात नसे. विचारणाऱ्यास उत्तर न देता परत पाठवणे माझ्या स्वभावात नाही.

आता हकिगत.

माझी पत्नी आईबापांची एकुलती. ज्या मुलीस भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्रास भाऊ मानून ओवाळावे, ही आपल्याकडची जुनी रीत. तिची आई तिला लहानपणी पाटावर उभी करून, हातात निरांजनाचे ताट देऊन, "तो बघ तुझा भाऊ आला," असे सांगे आणि ही ओवाळी. लग्नानंतर आम्ही सुरतेस आलो, तरी दिवाळी गावीच होत असे. लूम बंद पडत, चाळ रिकामी होई, आणि भुसावळकडच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळवून आम्ही जात असू. त्यामुळे तिचा भाऊ तिला दरवर्षी ओळखीच्या अंगणात, ओळखीच्या बाभळीच्या डोक्यावर भेटत आला; ती बाभूळ कोणत्या दिशेला, हे पाहण्याची गरज कधी पडली नाही. ओवाळल्यावाचून ती त्या दिवशी अन्नाला स्पर्श करीत नसे. चहा चाले. चहा चालतो की नाही याबद्दल तिने कोणाचाही अभिप्राय घेतलेला नव्हता.

आई आधीच गेली होती. त्या उन्हाळ्यात वडीलही गेले. घराला कुलूप लागले, शेताचा तुकडा चुलत्यांकडे गेला. दिवाळी जवळ आली तेव्हा मी गाडीची गोष्ट काढली, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "यंदा नको. ते कुलूप बघायला मी इतक्या लांब येणार नाही." मग थोड्या वेळाने, "भाऊ काय, इथेही येईल. त्याला कुठे तिकीट काढायचंय?"

म्हणजे माहेर म्हणून तिच्याकडे आता आकाशातला तेवढा एक उरला होता. हे तिने बोलून दाखवले नाही. परंतु दुसऱ्याचे न बोललेले ओळखणे हाच माझा व्यवसाय आहे.

त्या काळच्या बमरोलीची दिवाळी ज्यांनी पाहिली नाही, त्यांना तिची शांतता सांगून समजणार नाही. वर्षभर ज्या खटखटाटात आम्ही बोलत, झोपत, भांडत असू, तो एकाएकी थांबे आणि स्वतःच्याच घरातली भांडी फार मोठ्याने वाजू लागत. रंगाच्या वाफेचा वास ओसरे. आदल्या वर्षी प्लेगच्या साथीच्या भीतीने पळालेली माणसे परत येऊन स्थिरावली होती. पण सणाला जो तो गावी गेला होता. आमच्या मजल्यावर उरलो आम्ही दोघे आणि आमची लहान मुलगी; शेजारची शिरपूरकडची एक विधवा मावशी, जिला चाळीतले सगळे लहानथोर मावशीच म्हणत; आणि टोकाच्या खोलीतला एक वारपर, म्हणजे लूमसाठी उभ्या धाग्यांचा ताणा तयार करणारा तरुण, ज्याला सुटी उशिरा मिळाल्याने गाडीच चुकली होती.

आणखी एक गोष्ट त्या दिवाळीची. ऐन सणात सूर्यग्रहण आले. मावशीने दाराला आतून कडी लावून घेतली. मी मात्र खाली कडुनिंबापाशी उभा राहिलो, कारण माहितगार माणसाने प्रत्यक्ष पाहणी केली पाहिजे. वर न पाहता मी जमिनीकडे पाहत होतो, आणि पाहतो तो पानांच्या फटींतून पडलेला उन्हाचा प्रत्येक ठिपका कोरीसारखा झालेला! सगळ्या अंगणभर शेकडो चंद्रकोरी. त्यावरून मी तेथेच असा सिद्धांत बांधला की, चंद्राच्या कलाही अशाच होत असणार. पृथ्वीची सावली रोज थोडी थोडी चंद्रावर सरकत असणार, जणू रोजचे छोटे ग्रहण. शाळेत गुरुजींनी फळ्यावर तीन वर्तुळे काढली होती, तीही मला या सिद्धांतास अनुकूल अशीच आठवत होती. संध्याकाळी मी हे वारपरला समजावले. तो म्हणाला, "दादा, तुम्ही शाळेत असायला पाहिजे होते." मला त्यात काही वावगे वाटले नाही.

भाऊबीजेच्या दिवशी पत्नीने सकाळीच न्हाऊन रांगोळी घातली. अनारसे केले. दिवसभर नुसत्या चहावर होती. तरी मुलीसाठी खीर, मावशीसाठी पुरणाचे मऊ काही, असे चालूच होते. दिवस कलायच्या सुमारास आम्ही चौघे धाब्यावर, म्हणजे चाळीच्या गच्चीवर, चढलो. मुलगी खाली झोपली होती. पत्नीने ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि दोन अनारसे मांडले, पाट मांडला, पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढली आणि मला विचारले, "कोणत्या बाजूला तोंड करू?"

"पूर्वेला," मी म्हणालो.

याबाबत शंका घेण्याचे कारणच नव्हते. कोजागिरीला आम्ही याच धाब्यावर दूध आटवले होते आणि चंद्र पूर्वेला, कालव्याकडच्या मोकळ्या शेतांवरून, पितळेच्या परातीसारखा वर आला होता. संकष्टीला पत्नी येथूनच त्याची वाट पाही. उशिरा का होईना, तोही पूर्वेलाच येई. पश्चिमेला तर आमच्याकडे आकाशच नव्हते. तेथे कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलची भिंत इतकी उंच आणि इतकी खेटून होती की सूर्यास्त म्हणून काही चीज आम्हाला ठाऊकच नव्हती; मिलची सावली अंगावर आली की दिवे लावायचे.

आम्ही पूर्वेकडे तोंड करून बसलो.

अंधार पडू लागला. एक तारा उगवला. दुसरा उगवला. चंद्राचा पत्ता नाही.

"लहान आहे तो अजून," मी म्हणालो. "बीजेचा. वर चढायला वेळ लागायचा."

मावशी म्हणाली, "तसं नाही रे भाऊ. वद्यात देव त्याला रोज थोडा थोडा पिऊन टाकतात. अवसेला रिकामी वाटी. आता कुठे दोन थेंब भरले असतील. दोन थेंबांचा काय उजेड पडणार?"

"पण मावशी, दिसायला तर हवा," वारपर म्हणाला. "मला वाटतं सुरतेत उशिरा येतो. आमच्या गावी इतक्यात आलेला असतो. इथे कारखान्यांची गरमी वर जाते, तिला ओलांडायला—"

"कारखाने बंद आहेत," मी त्याच्या लक्षात आणून दिले.

"मग ग्रहणाचं असेल," तो म्हणाला.

हे मात्र मावशीला पटले. ती घरच्या अहिराणीत हसून म्हणाली, "सूर्याले गिळी बसना ना तो, आते लाजी राहिना! तोंड कसं दाखाडी?" सूर्याला गिळून बसला, आता लाजतो आहे, तोंड कसे दाखवील, असा त्याचा अर्थ. आम्ही हसलो. पत्नी हसली नाही. ती निरांजनात पुन्हा तूप घालीत होती. तिच्या ओठांवर कोरडी रेघ पडली होती आणि नजर कालव्याकडच्या काळोखावर लागली होती, जसे स्टँडवर उभ्या बाईची नजर येणाऱ्या प्रत्येक एस.टी.च्या पाटीवर लागते.

इतक्यात खाली स्कूटर थांबली. चाळीचे मालक, सुरती गृहस्थ, बहिणीकडून जेवून परतताना भाडेकरूंना साल मुबारक करायला आले होते. त्यांनी अंगणातूनच मान वर केली.

"साल मुबारक! सगळे वर काय करता? बीज जोई के नहीं? पाहिली का बीज?"

"कुठे शेठ? उगवतच नाहीये," मी वाकून म्हणालो.

"उगवत नाही?" त्यांनी हात पसरले. "अरे, हुं तो रस्ता पर जोतो जोतो आव्यो! बघत बघत आलो मी. ही मिल आहे ना, हिच्या मागे. एकदम खाली आली होती. दोडो, दोडो, जल्दी!"

पत्नीने काहीएक न विचारता ताट उचलले. निरांजनावर पदराचा आडोसा धरून ती जिन्यावरून उतरू लागली. आम्ही मागोमाग. मिलला वळसा घालून पलीकडच्या रस्त्यावर यायला गल्लीतून जावे लागे, आणि गल्लीत मुलांनी फटाके लावून ठेवलेले. वारपर पुढे धावून "वात काढा, वात काढा!" म्हणून ओरडत होता. मावशी मागे राहिली. आम्ही रस्त्यावर पोहोचलो तेव्हा पश्चिमेला, दूरच्या शेडच्या पत्र्यावर, तांबूस पट्टा उरला होता आणि त्याच्यावर काही नव्हते.

पत्नी बराच वेळ तो पट्टा पाहत उभी राहिली. निरांजन अजून जळत होते. मग तिने ते विझवले, पण फुंकून नाही. हाताने वारा घालून शांत केले, कारण ओवाळणीचा दिवा फुंकू नये.

"येऊन गेला," ती म्हणाली.

घरी आल्यावर जो तो उपाय सुचवू लागला. मावशी म्हणाली, नारळाला ओवाळ. मालकांना अपराधी वाटत होते. ते म्हणाले, त्यांच्या दिनदर्शिकेवर शंकराचे चित्र आहे आणि त्याच्या जटेत चंद्र आहे, ती आणून देतो. वारपर दारात उभा राहून चाचरत म्हणाला, "वैनी, मला ओवाळा ना. मी पण इथेच आहे."

"तुम्ही भाऊच आहात," पत्नी म्हणाली. "पण तुमची बहीण तिकडे वाट बघून बसली असेल. तिचं मी कसं घेऊ?" तिने त्याला अनारसे दिले. स्वतः घेतले नाहीत. मी रागावून पाहिले, समजावून पाहिले. शास्त्रात आजारी माणसाला सूट असते, हेही सांगितले. "मी आजारी कुठे आहे?" ती म्हणाली, आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी बंद होती. मी गॅलरीत चहा घेत बसलो होतो. समोरून कोवळे ऊन येत होते आणि माझ्या हातात रव्याचा लाडू होता. पत्नी उपाशी असताना तो माझ्या घशाखाली उतरेना, म्हणून मी तो नुसता धरून बसलो. आणि त्या उन्हात माझ्या ध्यानात आले की, लाडवाचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळला आहे आणि अर्धा नाही. तो तसाच राहतो, मी हात कोठेही फिरवो. फिरते ते माझे पाहणे. सूर्याच्या दिशेला धरला की उजळ भागाची नुसती कोर दिसे. बाजूला नेला की अर्धा. पाठीमागे, डोक्याच्या जरा वरून धरला की सगळाच्या सगळा. माझ्या डोक्याची सावली त्यावर पडायची ती फक्त नेमक्या मागे धरल्यावर, आणि ती पडली की लाडवाला ग्रहण लागे. रोजच्या कलांशी सावलीचा काही एक संबंध नव्हता. जी तीन वर्तुळे फळ्यावर काढून गुरुजींनी उलगडा केला होता, ती इतकी वर्षे मी एका ग्रहणापुरती लक्षात ठेवून सर्व दिवसांना लावीत होतो.

मावशी दारातून म्हणाली, "लाडवाकडे अशी नजर लावायला उपाशी ती आहे, तू नाहीस. खा की."

परंतु मी आता थांबण्यासारखा नव्हतो. ग्रहणात चंद्र सूर्याच्या पुढ्यात आला होता, म्हणजे दोघे आकाशात एकाच जागी होते. मग इतक्या थोड्या अवधीत तो सूर्याला सोडून सबंध आकाश ओलांडून पूर्वेला कसा जाईल? तो सूर्याच्या आसपासच असणार. दिवसभर त्याच्या मागून चालत आला असणार, उन्हात कोणाला दिसला नाही इतकेच; आणि सूर्य मावळला की मागोमाग तोही मावळणार. आम्ही ज्याच्या उगवण्याची वाट पाहत होतो, तो आमच्या पाठीशी मावळत होता. शिवाय तो रोज सूर्याहून आणखी थोडा मागे पडत जातो, म्हणून तर पंधरवड्याने समोरासमोर येतो. सबब आज तो कालच्यापेक्षा उंच असेल आणि उशिरापर्यंत थांबेल.

मी आत जाऊन पत्नीला हे सर्व मुद्देसूद सांगितले. ती भांडी घासता घासता ऐकत होती.

"म्हणजे दिवसाही चंद्र असतो?" तिने विचारले.

"अर्थात असतो."

"मग गावी गुरं परतायच्या वेळी मी तुम्हाला पांढरा चंद्र दाखवला होता, तेव्हा तुम्ही ढगाचा तुकडा आहे म्हणाला होतात."

मला असे काही म्हटल्याचे स्मरत नाही.

"विलंब माफीचा अर्ज म्हणून एक प्रकार असतो," मी विषय पुढे नेला. "मुदत टळली तरी कारण सबळ असेल तर अर्ज दाखल करून घेतात. आपले कारण सबळ आहे. मध्ये मिल आली."

तिने घासलेली कढई पालथी घातली. पण दुपारी तिने पुन्हा निरांजनाची वात वळली.

सूर्य असतानाच, मुलीला कडेवर घेऊन, आम्ही निघालो. बमरोलीच्या रस्त्याने पुढे खाडीचा पूल आहे. तेथून पश्चिमेला तेव्हा मोकळे होते, बाभळी आणि मिठाळ गवत एवढेच. वारपर सकाळच्या गाडीने गेला होता. मावशी आली, परंतु वाटभर कुरकुरत आली. तिचे म्हणणे रास्त होते. "आज तीज आहे. बीज काल झाली. तिथी गेल्यावर ओवाळून देवाला पोहोचतं का? मग अवसेलाही ओवाळा!" पत्नी ताट सांभाळीत पुढे चालत होती. मीही ताटाच्या मागे मागे चालत राहिलो, कारण माझा माफीचा मुद्दा मावशीच्या न्यायालयात टिकेल याची मला खात्री नव्हती.

पुलावर आम्ही थांबलो. सूर्य बाभळींच्या मागे उतरला. आकाश अजून निळे होते, पाणी दिसत होते, सायकलवाले जात होते. रात्रीचा मागमूस नव्हता. मी मान वर करून शोधू लागलो तोच पत्नी म्हणाली, "आहे की."

होता. सूर्य गेला त्याच दिशेला, वर, निळ्या आभाळात, नखाच्या कोरीएवढा, स्पष्ट. केव्हापासून तेथे होता देव जाणे. तिने चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, पुलाच्या कठड्यावर ताट टेकवून निरांजन लावले. वाऱ्याने ते दोनदा विझले. तिसऱ्यांदा मावशीनेच आपला पदर आडवा धरला, तरी तोंडाने म्हणाली, "पण तिथी गेलीच ना, माय?"

पत्नी ओवाळता ओवाळता, त्या कोरीवरून दृष्टी न काढता, आपल्या आईच्या बोलीत म्हणाली, "भाऊ दुसरा दिन उना, म्हनीसन काय बहीण दार लाई लेस का?"

भाऊ दुसऱ्या दिवशी आला, म्हणून काय बहीण दार लावून घेते?

मावशीने पदर आणखी जवळ ओढून धरला. आजवर मी शेकडो अर्ज लिहिले, उशिराच्या समर्थनार्थ आजाराचे, पुराचे, गाडी चुकल्याचे किती दाखले जोडले. त्यांत इतके छोटे आणि इतके निरुत्तर करणारे वाक्य मला साधलेले नाही.

मग तिला बीजेच्या चंद्राला सूत वाहायचे आठवले. "जुनं घे, नवं दे" म्हणत अंगावरच्या वस्त्राचा एक धागा त्याला द्यायचा. ती पदराचे टोक ओढू लागली. परंतु साडी पडली सुरतेची, चकचकीत पॉलिस्टर. तिचा ताणा-बाणा आमच्याच आसपास कोठेतरी विणला गेला होता. धागा निघेना. मावशीच्या साडीचेही तेच. दोघींनी माझ्याकडे पाहिले. माझा सदरा सुती होता, कचेरीसाठी खास शिवलेला. मी हात पुढे केला. पत्नीने बाहीच्या टोकातून एक धागा खेचला, तो बोटाएवढा न निघता कोपरापर्यंत उसवत आला, आणि ती आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसली.

धागा तिने वाऱ्यावर सोडला. तो खाडीकडे गेला.

आता घरी जाऊन जेवावे, असे मी सुचवले. तिने मान हलवली. हळूहळू आभाळ गडद झाले, कोर पिवळी झाली, मग तांबूस, आणि बाभळींच्या शेंड्यांना टेकली. भावाला गाडीत बसवायला आलेली बहीण गाडी वळण घेईपर्यंत जशी फाट्यावर थांबते, तशी ती कठड्याला धरून उभी राहिली. मावशी पुलाच्या दगडावर बसून पाय चोळत होती, पण चला म्हणाली नाही. शेवटचे टोक खाली गेल्यावर पत्नीने ताटातला अनारसा उचलला, तेथेच, रस्त्यावर उभ्या उभ्या, दोन्ही हातांनी धरून खाऊ लागली.